नववी ब ची प्रार्थना

८ जुलै

ताई,

तू बरी असशील आणि तुझी दोन ब्रेकची शिकवायची गाडी तुझ्याहून बरी असेल, असं धरून चालतो.

मी शाळेत पोचलो. बिशपांनी बोलावून सांगितलं होतं, "तुम्ही इतकी वर्षं होणाऱ्या फादरांना ईश्वरशास्त्र शिकवलंत, आता जरा शाळेतल्या मुलांकडे बघा." मी हो म्हटलं, कारण ते विचारत नव्हते. तर आता मी एका कॅथलिक मुलांच्या हायस्कूलचा आध्यात्मिक मार्गदर्शक आहे. तशी पाटीच आहे दारावर. तिच्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "बॉल इथे मिळणार नाहीत." मला वाटलं, मुलांचा चावटपणा. शिपाई म्हणाला, नाही, ते तुमच्या आधीच्या फादरांचं अक्षर.

कारण माझी खोली खेळाच्या सामानाच्या कोठडीला लागून आहे. मधली भिंत छतापर्यंत गेलेली नाही. मी प्रवचन लिहायला बसतो आणि पलीकडून माझ्या डोक्यावर आवाज येतो, "अरे, यात हवाच नाहीये." दर वेळी मला वाटतं, प्रवचनाबद्दलच बोलतायत.

मुख्याध्यापक फादर सज्जन आहेत, पण सतत घाईत. पहिल्याच दिवशी किल्ल्यांचा जुडगा वाजवत म्हणाले, "आत्मा तुमच्याकडे, बाकीचं आमच्याकडे." आणि प्रत्येक वर्गाच्या आत्म्याला आठवड्यातून एक तास दिला. नववी ब ला शुक्रवारचा शेवटचा. त्या तासाला मुलांचं शरीरसुद्धा धड बाकावर नसतं, आत्म्याचं काय घेऊन बसलीस.

पहिल्या शुक्रवारी त्यांना चॅपलमध्ये नेलं आणि म्हटलं, फक्त एक मिनिट शांत बसू या. कुणाचं तरी पोट गुरगुरलं. दुसऱ्या कुणी तरी त्याला उत्तर दिलं, पोटानं नव्हे. मग अख्खा बाक हलायला लागला. मी "शांतता" म्हटलं, परत म्हटलं, परत परत म्हटलं. आता मी व्हरांड्यातून गेलो की मागून हळूच येतं, "फादर शांतता."

ही मुलं एकाच माणसासमोर गप्प असतात, गणिताच्या सरांसमोर. मुलं त्यांना वर्गमूळ म्हणतात. सर सकाळच्या प्रार्थनेला सगळ्यांच्या मागे उभे राहतात, डोळे मिटत नाहीत, मुलांच्या बुटांच्या नाड्या तपासतात. मला विचारलं, "तुमच्या विषयाची चाचणी कधी?" म्हटलं, माझ्या विषयाची चाचणी नसते. "मग मुलं शिकली हे कळणार कसं?" म्हणाले आणि निघून गेले. त्यांना द्यायचं उत्तर मी अजून शोधतोय.

तुला काही सुचत असेल तर कळव.

तुझा धाकटा

---

१६ जुलै

फादर शांतता यांस,

नाव झकास पडलंय. ते ज्यानं ठेवलं त्या पोराला माझ्याकडून शाबासकी दे.

इकडे ठीक. तुझे दाजी गेल्यापासून ड्रायव्हिंग स्कूल मी एकटीच चालवते हे लोकांच्या आता अंगवळणी पडलंय. पूर्वी फोन करून "सर आहेत का" विचारायचे, आता नाही विचारत. सध्या एक दातांचे डॉक्टर शिकायला येतात. समोरून ट्रक आला की डोळे मिटून घेतात. मी म्हटलं, डॉक्टर, डोळे पेशंटनं मिटायचे असतात. हसले, आणि हसताना पुन्हा मिटले.

तू सल्ला मागितलायस म्हणून सांगते. देवातलं मला विचारू नकोस. तिथे मी गाडी बाजूला लावून किल्ली काढून ठेवली आहे. गाडीतलं विचार. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी सांगते, भीती वाटली की बोलायचं, मनात ठेवायचं नाही. शिवी आली तर शिवी दे. गप्प बसलेला शिकाऊ माणूस फार वाईट, तो पुढच्या क्षणी काय करणार हे कळत नाही आणि माझा पाय सारखा माझ्याकडच्या ब्रेकवर राहतो. तू पोरांना शांत बसवायला निघालायस. ती आधी बोलली कुठे आहेत? पाठ केलेलं घडाघडा म्हणणं म्हणजे बोलणं नाही. त्यांना तुझ्या देवाशी खरं काय ते बोलू दे. मग काय होतं बघ.

आणि तू जेवतोस ना वेळेवर? तुझ्या पत्रात सगळ्यांची पोटं आहेत, तुझं सोडून.

ताई

---

३ ऑगस्ट

ताई,

तुझा सल्ला लागू पडला. इतका, की मला थोडी भीतीच वाटतेय.

काल शुक्रवार. मी नववी ब ला म्हटलं, आज पुस्तक बंद. ज्याला खरंच जे हवंय ते त्यानं उभं राहून देवाकडे मागायचं. छान छान बोलायचं नाही, खरं बोलायचं. प्रत्येकाच्या मागण्यानंतर आपण सगळे म्हणायचं, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

आधी कुणी उठेना. मग एक जण उभा राहून म्हणाला, "माझ्या भावानं माझे शर्ट घालू नयेत." सगळे अर्धवट हसत म्हणाले, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." दुसऱ्यानं नाक थोडं लहान मागितलं. तिसऱ्यानं शेजारच्या शाळेच्या गोलकीपरला जुलाब मागितले, फक्त रविवारपुरते. मी म्हटलं, जरा उदारपणे माग. तर म्हणाला, "बरं, शनिवारी संध्याकाळपासून." मधेच एकानं पटकन, बसल्या बसल्या म्हटलं, "आई-बाबांनी आज भांडू नये," आणि त्यालाही तेवढ्याच मोठ्यानं उत्तर मिळालं. त्या क्षणी मला वाटलं, चला, काहीतरी सुरू झालं.

मग वकील उभा राहिला. हा वर्गातला बारीकसा, चष्म्याचा मुलगा. कुणालाही शिक्षा झाली की त्याची बाजू हा मांडतो म्हणून ते नाव. हात जोडून शांतपणे म्हणाला, "सोमवारी गणिताची चाचणी आहे. हे प्रभो, वर्गमूळ सर सोमवारी शाळेत येऊ नयेत."

ताई, त्यानंतरचं "आमची प्रार्थना ऐक" तू ऐकायला हवं होतंस. छताला टेकलं. इतक्या वर्षांत एवढ्या एकदिलानं म्हटलेली प्रार्थना मी कुठल्याच चर्चमध्ये ऐकली नाही. मला हसू आलं. खोकल्यासारखं केलं, पण मुलांना कळलं. आणि शेवटी त्यांच्याबरोबर मीही "आमेन" म्हटलं.

आता सोमवारी सर येतील, चाचणी घेतील, आणि पुढच्या शुक्रवारी "मागितलं तरी न मिळणं" यावर मला आयता विषय मिळेल. मुद्देसुद्धा काढून ठेवलेत.

तुझा, विजयी, धाकटा

---

७ ऑगस्ट

ताई,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितोय.

सर सोमवारी आले नाहीत. सकाळी घरी बूट घालायला खुर्चीवर बसले आणि तसेच कलंडले. पक्षाघात. उजवी बाजू गेलीय, बोलणं अडखळतंय. जीव वाचला असं डॉक्टर म्हणतात, पुढचं अजून काही सांगत नाहीत.

नववी ब ला ही बातमी मुख्याध्यापकांनी वर्गात जाऊन सांगितली. मी दारात उभा होतो. एकही बाक वाजला नाही. मी जी शांतता एवढे दिवस मागत होतो ती मिळाली, आणि मला ती एक क्षणही बघवली नाही.

तेव्हापासून मुलं चॅपलमध्येच असतात. शाळा भरायच्या आधी, मधल्या सुट्टीत. डबे उघडत नाहीत. मुख्याध्यापक खूश होऊन म्हणाले, "तुमचं काम दिसायला लागलं." त्यांना काय सांगू?

काल वकील माझ्या खोलीत आला. बसला नाही. म्हणाला, "फादर, केलेली प्रार्थना मागे घेता येते का?"

मी म्हटलं, अरे, देव असं करत नाही. तुमच्या गमतीमुळे कुणाला आजारी पाडत नाही.

"पण शुक्रवारी तुम्ही म्हणालात की तो ऐकतो."

"ऐकतो."

"मग आमचं ऐकलं की नाही ऐकलं?"

मी बोलायला लागलो. देवाची इच्छा, निसर्गाचे नियम, माणसाचं स्वातंत्र्य, सगळं सांगितलं. तो नीट ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे चांगलं झालं तर त्यानं ऐकलं, आणि वाईट झालं तर योगायोग," आणि नमस्कार करून गेला. पलीकडे कोठडीत कुणीतरी होतं, पण बॉलचा आवाज नव्हता.

ताई, ज्या प्रार्थनेला मी हसलो तिला मी आमेनही म्हटलंय. काहीतरी लिही.

धाकटा

---

१३ ऑगस्ट

धाकट्या,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. पहिलं वाचून हसले, दुसरं वाचून ते हसू कुठे ठेवू कळेना. सल्ला माझाच होता, म्हणजे थोडी गाडी मीही ठोकली आहे.

पण आता लिहायला बसलेच आहे तर लिहून टाकते. तुझा वकील जे बोलला ते मी तुला कधीच बोलले नाही, एवढाच आमच्यात फरक. दवाखान्यात तुझे दाजी आत होते आणि मी बाहेर त्या बाकावर बसून मागत होते. गमतीत नव्हते मागत. नाक लहान कर असं नव्हते म्हणत. तू आलास, मला म्हणालास, "ताई, तो ऐकतोय." मी विश्वास ठेवला. संध्याकाळपर्यंत ठेवला. त्यानंतर तू जे काही म्हणालास त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही, फार व्यवस्थित होतं एवढं आठवतं.

त्यामुळे पोरांनी एका चाचणीसाठी मागितलेलं तुझा देव लगेच ऐकतो आणि माझं नाही, असं असेल तर मलाही ते शब्द कळव, कसे म्हणायचे ते. आणि तसं नसेल, तर तसं नाही हे त्यांना सरळ सांग. मात्र मग एक मागितलेलं त्याच्या नावावर आणि दुसरं योगायोगाच्या, असं करू नकोस. मुलांना बनवाबनवी लगेच कळते. मोठ्यांनाही कळते, पण मोठी माणसं पाहुण्यांसमोर बोलत नाहीत.

आता कामाचं. शिकाऊ माणसानं गाडी कुणाला लावली की मी व्याख्यान देत नाही. त्याला खाली उतरवते आणि ज्याला लागलंय त्याच्यासमोर नेऊन उभं करते. गाडीत बसून राहिला तर तो पुन्हा कधी चालवत नाही, हे मी पाहिलंय. पोरांना घेऊन सरांकडे जा. तूही जा. तूही शिकाऊच आहेस.

ताई

---

२८ ऑगस्ट

ताई,

तुझ्या पत्राला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. हे लिहायलाच मला इतके दिवस लागले. मी जो विषय शिकवायचो त्यात या प्रश्नाला चार-पाच उत्तरं आहेत आणि मला ती सगळी पाठ आहेत. त्यातलं एक मी तुला त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात दिलं, उभ्या उभ्या, खांद्यावरची बॅगसुद्धा न उतरवता. तुझ्याशेजारी बाकावर जागा होती. मी बसलो नाही. गेल्या आठवड्यापर्यंत मला हे जाणवलंही नव्हतं.

बसलो नाही हे कळलं ते सरांच्या खाटेपाशी, म्हणून ते सांगतो.

मी वकिलाला आणि आणखी तिघांना घेऊन दवाखान्यात गेलो. जिना चढताना त्यांनी आपसात ठरवलं की बोलायचं वकिलानं. सर उशीला टेकून बसले होते. तोंड एका बाजूला जरा ओढलेलं. उजवा हात चादरीवर कुणीतरी नेऊन ठेवल्यासारखा. त्यांच्या मिसेस त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या. मुलांना बघून सरांची नजर पहिल्यांदा खाली गेली, नाड्यांकडे. एकाची सुटलेली होती. तो तिथल्या तिथे वाकून बांधायला लागला.

मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मिसेसनी स्टूल पुढे केलं. म्हणाल्या, "बसा हो फादर, उभं राहून सगळे घाईतच दिसतात." मी बसलो.

वकिलानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "सर, आम्ही तुम्ही येऊ नये म्हणून प्रार्थना केली. सगळ्यांनी. मागितलं मी." माझ्या आमेनबद्दल तो बोलला नाही. ते मी सांगितलं.

सरांनी डाव्या हातानं मिसेसचा चमचा बाजूला केला. मग बोलायला लागले. शब्द घसरत होते, पण ते प्रत्येक शब्द पुन्हा पकडून आणत होते. "त्या शुक्रवारी... मीही... मागितलं होतं."

मिसेसनी चमचा वाटीत ठेवला. "तुम्ही कधीपासून प्रार्थना करायला लागलात?"

"नववी ब... मिळाल्यापासून."

मुलांना हसावं की नाही कळेना. सर म्हणाले, "मी म्हटलं, देवा, या वर्गाचे... पेपर... या खेपेला मला... तपासायला लावू नकोस." मग डावा हात उचलून दोन बोटं दाखवली. "अर्ज... दोन. निकाल... एक. कुणाचा अर्ज... मंजूर झाला? सिद्ध करा."

वकील विचार करायला लागला. खरोखर विचार करत होता, ताई, कपाळाला आठ्या घालून. शेवटी म्हणाला, "सिद्ध करता येत नाही, सर."

"मग... बसा."

बसायला जागा नव्हती. चौघंही जमिनीवर बसली. त्यातल्या एकाला रडू आलं आणि ते थांबेना, तर मिसेसनी त्याच्या हातात पेजेची वाटी दिली आणि म्हणाल्या, "रडायचं तर रड, पण वाटी धर." त्या पुढे म्हणाल्या, डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या केव्हाच्या लिहून दिल्या होत्या, हे घेत नव्हते, त्यासाठी देवाला मधे आणायची गरज नाही. सरांनी डोळे मिटले. प्रार्थनेच्या वेळी न मिटणारे डोळे बायकोसमोर मिटतात, हे मुलांनी टिपलं.

निघताना सरांनी कागद मागितला आणि डाव्या हातानं वर्तुळ काढायचा प्रयत्न केला. बटाटा आला. वकील म्हणाला, "सर, वर्तुळ चुकलं की तुम्ही आम्हाला ते दहा वेळा काढायला लावता." सर म्हणाले, "उद्या या. मोजायला."

तेव्हापासून मुलं पाळीपाळीनं जातात. गणित घेऊन जातात आणि बटाटे बघून येतात.

एकच अडचण. सर आता घरी आलेत, पण व्यायामासाठी त्यांना रोज दवाखान्यात न्यायचं असतं. बसची पायरी त्यांना चढवत नाही. घरी गाडी आहे, सरांची, झाकून ठेवलेली. मिसेसना येत नाही. सरांनी त्यांना गाडीला कधी हात लावू दिला नाही, म्हणायचे, "तिला अंतराचा अंदाज नाही." मिसेस हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या, गाडीवरच्या कापडाकडे बघत होत्या.

धाकटा

---

४ सप्टेंबर

धाकट्या,

बॅग मलाही आठवते. निळी. तिचा पट्टा तू सारखा वर ओढत होतास.

मी तुझ्यावर एवढी का चिडले होते ते तुझं पत्र वाचताना मला समजलं. देवानं ऐकलं नाही याचा राग त्याच्यावर आहे, तो राहू दे, तो आमचा आम्ही बघू. तुझ्यावरचा राग वेगळा होता. तुझ्याकडे उत्तर तयार होतं त्याचा. या वेळी "उत्तर नाही" असं लिहिलंस, तर मला कितीतरी दिवसांनी भाऊ असल्यासारखं वाटलं.

"नववी ब मिळाल्यापासून" हे मी ऑफिसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. दातांचे डॉक्टर इतके हसले की मी म्हटलं, आज गाडी बाहेर काढायला नको.

आता ऐक. त्या बाईंना सांग, गाडीवरचं कापड काढून ठेवा, शिकाऊ लायसन्स काढा आणि टायरमध्ये हवा भरून घ्या. मी येतेय. पुढच्या महिन्यात पंधरा दिवस स्कूल बंद ठेवते, एरवी मी सुट्टी घेतच नाही. अंतराचा अंदाज कुणालाच नसतो, तो गाडी लावून लावून येतो. सरांना हे सांगू नकोस, मी सांगेन.

माझ्यासाठी खोली बघ. बॉलच्या शेजारची नको.

ताई

---

२१ ऑक्टोबर

ताई,

परत निघताना गाडीत बसलीस तेव्हा तू काहीच बोलली नाहीस आणि मीही विचारलं नाही. म्हणून लिहितो.

आधी बातम्या. सरांच्या मिसेसना लायसन्स मिळालं, आता त्या एकट्या दवाखान्यात जातात. म्हणजे सर असतात, पण मागच्या सीटवर. तू त्यांना एकदा त्यांच्याच गाडीतून खाली उतरवलंस, कारण ते वळणावर "नव्वद अंश, नव्वद अंश" ओरडत होते, तेव्हापासून गाडीत त्यांनी तोंड उघडलेलं नाही. मिसेसनी सरावात ठोकलेला मैदानावरचा गोलपोस्ट मुख्याध्यापकांनी दुरुस्त करून घेतला. किती वाकला होता याचा कोन वकिलानं मोजून ठेवलाय. काल मिसेस गाडी घेऊन थेट शाळेच्या फाटकात आल्या, सरांना दार उघडून दिलं, आणि सर काठी टेकत नववी ब मध्ये गेले. पाच मिनिटंच बसले. मुलांनी उठून उभं राहायला उशीर केला नाही आणि कुणी सांगितलंही नव्हतं. सर निघताना माझ्या खोलीच्या दारात थांबले. म्हणाले, "तुमची... चाचणी... झाली वाटतं." मी म्हटलं, निकाल मला माहीत नाही. म्हणाले, "तो... नसतोच."

आता तू इथे होतीस त्या शुक्रवारचं. तू चॅपलमध्ये आलीस ते मला वाटलं, उन्हातून आलीस, जरा टेकायला. मागच्या बाकावर बसलीस. मुलांच्या मागण्या चालू होत्या. हल्ली फार कमी असतात, कारण त्यांनी स्वतःच नियम केलाय, ज्याच्यासाठी मागायचं त्याच्याकडे एकदा जाऊन यायचं. त्यामुळे अर्ध्या मागण्या तिथेच बारगळतात. गोलकीपरचं तर कुणी नावच काढत नाही.

आणि तू उभी राहिलीस. फार मोठं काही तू बोलली नाहीस. म्हणालीस, "मला काही मागायचं नाही. माझा नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. मी अजून रागावलेली आहे. एवढंच सांगायचं होतं."

मला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं, फादर म्हणून. मी नाही बोललो. आणि तेवढ्यात सगळी नववी ब, एका सुरात, कुणी डोळे मिटून, कुणी तुझ्याकडे वळून, म्हणाली, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." तुझा राग त्यांनी आपल्यात धरला, ताई. "आमची" म्हणाली. मी मान खाली घातली ती वर करता येईना.

मुलांना कुठल्या पुस्तकातून हे शिकवता आलं असतं, मला माहीत नाही. मी शिकवलं नाही, एवढं नक्की.

वकिलाला खाली चार ओळी लिहायच्या आहेत म्हणतो. देतो त्याला पेन.

धाकटा

ताई, नमस्कार. तुमच्या मागणीची नियमानुसार अडचण आहे. तुमच्या मिस्टरांकडे आम्हाला जाऊन येता येत नाही. वर्गात चर्चा झाली. असं ठरलं की त्याऐवजी तुमच्याकडे यायचं. वय पूर्ण झालं की आम्ही सगळे गाडी शिकायला तुमच्याकडेच येणार आहोत. फादरनाही आणतो, त्यांना सायकलसुद्धा नीट येत नाही, हे तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. आपला, वर्गाच्या वतीने, वकील.

---

९ नोव्हेंबर

धाकट्या,

वकिलाला सांग, अख्ख्या वर्गाला शिकवायचं तर मला दुसरी गाडी घ्यावी लागेल आणि दुसरं हृदयही. तरी या म्हणावं. तुला सायकल येत नाही हे मला तो जन्मायच्या आधीपासून माहीत आहे, मागून धरून मीच पळत होते.

त्या शुक्रवारी मी बोलणार आहे हे मलाही माहीत नव्हतं. उन्हातून आले होते, टेकायलाच. मग ती पोरं ज्या तऱ्हेनं मागत होती, उगाच गोड न बोलता, त्यात माझं मीही बोलून गेले. आणि पोरांचं ते उत्तर आलं तेव्हा मी गाडीची किल्ली इतकी घट्ट धरून बसले होते की हातावर वळ उठला. निघताना तुझ्याशी बोलले नाही ते म्हणूनच. बोलले असते तर वाटभर रडले असते, आणि मी हायवेवर रडत नाही, समोरचं दिसत नाही.

राग गेला का, असं तू विचारशील. नाही गेला. पण आता तो माझा एकटीचा राहिलेला नाही, त्यामुळे उचलायला हलका झालाय.

आणखी एक सांगायचंय. त्यावर प्रवचन लिहू नकोस. काल एका बाईंना शिकवत होते. नव्या आहेत, अजून पहिल्या गिअरमध्ये. आमच्या इथलं चर्च तुला माहीत आहे, कोपऱ्यावरचं. त्याच्यासमोर गाडी बंद पडली त्यांच्याकडून. त्या घाबरल्या. म्हटलं, पाच मिनिटं श्वास घ्या, मी आलेच. आणि आत गेले. का गेले, सांगता येत नाही. आत कुणी नव्हतं. मागच्या बाकावर बसले. काही मागितलं नाही, काही सांगितलं नाही, नुसती बसले. बरं वाटत होतं असंही नाही. ओळखीच्या घरी खूप दिवसांनी गेल्यावर सुरुवातीला कसं दोघांनाही काय बोलावं सुचत नाही, तसं.

मग बाहेर बाईंनी हॉर्न दिला. त्यांना वाटलं, मी त्यांना सोडूनच गेले. मी उठले, पदर नीट केला, आणि सवयीनं म्हटलं, "येते."

ताई